चौथा रविवार

गेल्या आठवड्यात श्रीरामपूरहून मामेबहिणीचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये तिला पुण्याचं कॉलेज लागलंय. मामा खूश, मामी रडवेली, आणि ही बया फोनवर भराभरा प्रश्न विचारत सुटलेली. दादा, हॉस्टेल बरं की पीजी? दादा, मेस कुठली लावू? दादा, सेकंडहँड लॅपटॉप चालेल का? मी आपला पुण्यात मुरलेल्या माणसाच्या थाटात उत्तरं देत होतो. शेवटी तिने विचारलं, "आणि दादा, चर्चला कुठे जाऊ?"

इथे माझी गाडी अडली.

पत्ते मला दहा माहीत आहेत. कॅम्पातली, पेठांमधली, पिंपरी-चिंचवडमधली. मराठी उपासनेची वेळ, इंग्रजी उपासनेची वेळ, बस कुठली, सगळं सांगता आलं असतं. पण सहा महिन्यांनंतरही ही पोरगी तिथे जात असेल असं चर्च कुठलं, हे मला सांगता येईना. आणि गंमत म्हणजे (खरं तर गंमत अजिबात नाही) मी स्वतः ज्या चर्चमध्ये जातो, ज्याच्या तरुण संघाच्या कमिटीवर माझं नाव आहे, त्याचं नाव काही पटकन तोंडावर आलं नाही. "बघतो, सांगतो," म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय.

तर आज थोडं त्याबद्दल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी एक खुलासा. मी मराठी ख्रिस्ती. म्हणजे गोव्याचा नाही, वसईचाही नाही, घरी इंग्रजी बोलत नाही, आणि माझं आडनाव तुमच्या वर्गातल्या चार मुलांचं असेल तेच आहे. कॉलेजात पहिल्या वर्षी रूममेटला कळलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "मग तू इतकं चांगलं मराठी कसं बोलतोस?" आता काय सांगणार! अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं १८१३ साली, नगरला (आताचं अहिल्यानगर) काम सुरू झालं १८३१ साली, आणि 'ज्ञानोदय' हे आमचं मराठी नियतकालिक १८४२ सालचं. एवढा इतिहास रात्री अकरा वाजता हॉस्टेलच्या खोलीत कोण ऐकणार? मी "असंच" म्हणून विषय बदलला. हा प्रसंग सांगायचं कारण इतकंच, की आमच्यातला मुलगा घर सोडून शहरात येतो तेव्हा त्याला चर्च हे फक्त देवाचं घर म्हणून नको असतं. "तू असा कसा?" हे न विचारणारी ती एकच जागा असते. निदान असायला हवी.

मी पुण्यात आलो २०१५ साली. आईने बॅगेत बायबल, 'उपासना संगीत' आणि चिवड्याचा डबा घातला होता. पहिल्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून एका मोठ्या, जुन्या चर्चमध्ये गेलो. नाव सांगत नाही, कारण दोष त्या एका चर्चचा नव्हता. मागच्या बाकावर बसलो. गाणी ओळखीची होती, उपदेश चांगला होता, शेवटी आशीर्वाद झाला आणि सगळे बाहेर चहाला गेले. मीही गेलो. अंगणात घोळके उभे. प्रत्येक घोळक्याची पाठ माझ्याकडे. मी कागदी कपातला चहा घेऊन एका झाडाखाली उभा राहिलो, झाडावरची फुलं फार निरखून बघितली, कप टाकला आणि परत आलो. मेसवर रविवारची फीस्ट होती, ती तरी गरम मिळाली.

असे सहा-सात रविवार. मग सबमिशन, मग युनिटची परीक्षा, मग एका रविवारी झोप. त्या झोपेनंतर मी दीड वर्ष चर्चला गेलो नाही. देवाशी भांडण झालं नव्हतं, कुठलं पुस्तक वाचून नास्तिक झालो नव्हतो. लोक समजतात की कॉलेजात पोरांची श्रद्धा डार्विन वाचून जाते. माझ्या पाहण्यात तरी तसं नाही. बहुतेकांची श्रद्धा जागच्या जागी असते, फक्त रविवार सकाळची सवय तुटते. आणि तुटली तरी जगात कुणालाच काही कळत नाही, हे एकदा लक्षात आलं की परत जायचं कारण उरत नाही.

मी परत आलो तो एका निवृत्त नर्स मावशींमुळे. तिसऱ्या वर्षाला असताना नाताळाच्या आधी एका मित्राबरोबर दुसऱ्याच एका छोट्या चर्चमध्ये गेलो. बाहेर पडताना मावशींनी अडवलं. "कोणाचा रे तू?" हा खास आमच्याकडचा प्रश्न. नगरचा म्हटल्यावर "नगरचा कुठला?", मग वडिलांचं नाव, मग आजोळ, आणि तीन मिनिटांत त्यांनी माझ्या आत्याच्या शाळेतल्या मैत्रिणीपर्यंत धागा नेऊन भिडवला. मग म्हणाल्या, "रविवारी रात्री मेस बंद असते ना तुमची? सातला ये. पिठलं-भात आहे, फार काही नाही." गेलो. पुढच्या रविवारी गेलो नाही, तर सोमवारी फोन. "बरा आहेस ना रे? ताप वगैरे नाही ना?" बस्स. एवढंच. चर्च का चुकवलं हे विचारलं नाही.

त्या फोनने मी आजपर्यंत टिकून आहे.

आता इथे गोष्ट संपवून "बघा, प्रेमाने काय होतं" असं म्हणता आलं असतं. पण पुढचा भाग सांगायलाच हवा, कारण त्यात मी घोळक्यातला आहे.

मागच्या वर्षी सप्टेंबरात आमच्या चर्चमध्ये एक मुलगा आला. जालन्याचा. बारीक, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. मागच्या बाकावर बसला. उपासनेनंतर मी त्याच्याशी हात मिळवला, "वेलकम वेलकम, कुठलं कॉलेज?" वगैरे झालं. "तरुण संघाला ये हं," असंही म्हणालो. तो तीन रविवार आला. तिसऱ्या रविवारी तो माझ्याकडे बघून हसला, आणि मी प्रोजेक्टरची केबल शोधत होतो म्हणून "दोन मिनिटं हं" म्हणून आत गेलो. चौथ्या रविवारी तो आला नाही. आला नाही हे मला कधी कळलं? नाताळच्या गाण्यांसाठी पोरं मोजताना. म्हणजे डिसेंबरात. त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. कुणाकडेच नव्हता. नाव आठवायला आम्हा चौघांना मिळून पाच मिनिटं लागली, आणि तरी आडनावावर एकमत झालं नाही.

बहिणीला चर्चचं नाव सांगताना अडलो ते याच्यामुळे.

जानेवारीत आमच्या कमिटीची मीटिंग झाली. विषय होता 'तरुण पिढी चर्चपासून दूर का जाते?' हा विषय दर वर्षी असतो. चहा-समोसे झाले आणि नेहमीप्रमाणे गाडी गिटारवर आली. एक बाजू म्हणाली, तरुणांना ड्रम, गिटार, लाईट पाहिजे, म्हणून ते त्या इंग्रजी फेलोशिपमध्ये जातात. दुसरी बाजू म्हणाली, आपली हार्मोनियम-तबल्याची परंपरा सोडायची नाही. पाऊण तास गेला.

मला दोन्ही बाजूंचं नवल वाटतं. अहो, हार्मोनियम तरी आपली कुठे? ती १८४०च्या दशकातली पॅरिसची. आपण ती आपली केली. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी परक्या चालींवर भाषांतरित गाणी गाणाऱ्या मंडळीला अभंग, ओव्या आणि भजनं दिली, ती त्यांच्या काळात नवीच होती की. म्हणजे संगीत बदलणं हीच आमची परंपरा आहे. तेव्हा गिटार आणा, खुशाल आणा. पण गिटारमुळे कुणी राहील या भ्रमात राहू नका. त्या जालन्याच्या मुलाला आमची गाणी आवडत नव्हती का? तो तर सगळी पुस्तक न बघता म्हणत होता.

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला हा प्रश्न जरा वेगळा दिसतो. आमच्या कंपनीत नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला एक 'बडी' मिळतो. कँटीन कुठे, वायफायचा पासवर्ड काय, कुठल्या मॅनेजरशी लंचनंतर बोलू नये, हे सगळं बडी सांगतो. तीन दिवस न सांगता गैरहजर राहिलात तर एचआरचा फोन येतो. कंपनीला तुमच्यावर माया आहे म्हणून नाही. नवीन माणूस सोडून जातो तो बहुतेकदा सुरुवातीलाच, हे तिला पैसे घालवून कळलंय. निघताना पुन्हा एक्झिट इंटरव्ह्यू. आमच्या चर्चमध्ये मुलगा येतो तेव्हा नोंद नाही, जातो तेव्हाही नोंद नाही. नोंद होते ती थेट लग्नाला. तेव्हा पाळकसाहेबांची सही लागते ना!

मग साधी साधी गणितं चुकतात. आमचं युवा शिबिर मे महिन्यात. मे महिन्यात पोरांची एकतर परीक्षा असते, नाहीतर ती घरी गेलेली असतात. नाताळची तयारी डिसेंबरभर, तेव्हा सबमिशन. आणि ज्या ऑगस्ट-सप्टेंबरात गावोगावची पोरं बॅगा घेऊन या शहरात उतरतात, एकटी असतात, कुठलाही रस्ता धरायला तयार असतात, त्या दोन महिन्यांत आमच्या कॅलेंडरवर काय असतं? काहीही नाही. कुणीतरी हे कॅलेंडर कॉलेजच्या कॅलेंडरशेजारी ठेवून पाहिलंय का? मी पाहिलं नव्हतं, आणि मी तर त्याच कॉलेजातून बाहेर पडलोय.

तीच गोष्ट जेवणाची. रविवारी दुपारी मेसला फीस्ट, म्हणून पोरं आशीर्वादाच्या आधी सटकतात आणि आम्ही म्हणतो, "बघा, देवापेक्षा पोट मोठं." रविवारी रात्री मेस बंद, तेव्हा हीच पोरं मॅगी खात बसलेली असतात आणि त्याच वेळी आमच्या पन्नास घरांत जेवणं चाललेली असतात. मावशींना हे कळलं होतं. त्या कुठल्याही कमिटीवर नव्हत्या.

पुण्यातल्या चर्चच्या चहाला तसा मोठा इतिहास आहे. १८९० साली गोपाळराव जोशींच्या खटपटीने शहरातली बडी मंडळी पंचहौद मिशनमध्ये जमली, त्यात लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडेही होते. समोर चहा-बिस्किटं आली. नंतर नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि शहरात जो गदारोळ उठला तो प्रायश्चित्तापर्यंत गेला. म्हणजे मिशनच्या चहाचा एक कप तेव्हा अख्खं पुणं हलवत होता. आज आमचा चहा झाडाखाली उभ्या असलेल्या एका मुलाला घोळक्यापर्यंत तीन पावलंही हलवू शकत नाही.

कमिटीत एक ज्येष्ठ काका आहेत. त्यांचा आक्षेप असा, "चर्च म्हणजे काय हॉटेल आहे, आल्या-गेल्याची सरबराई करायला? ज्याला देवाची ओढ आहे तो येतोच. आम्ही नाही का आलो?"

काकांचा मला आदर आहे, म्हणून यावर मी खरंच विचार केला. काका आले, हे खरंच. पण काका कुठून आले? खेड्यातून मिशनच्या बोर्डिंगमध्ये. तिथे पहाटे घंटा, प्रार्थना, शाळा, रात्री परत प्रार्थना. मास्तर चर्चचे, मित्र चर्चचे, जेवण चर्चचं. पुढे कॉलेजसाठी जिल्हा सोडायची गरज नाही, कारण डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळ्यांनी १९४७ साली नगरलाच कॉलेज काढून ठेवलेलं. म्हणजे काकांना टिकवण्यासाठी त्या लोकांनी शंभर वर्षं खपून वसतिगृहं, शाळा, कॉलेज उभं केलं होतं. ती सरबराई काकांना दिसत नाही कारण ते तिच्या आतच वाढले. माझ्या बहिणीच्या वाट्याला काय आहे? कॉट बेसिसवर एक पलंग, अर्धं कपाट आणि गुगल मॅप.

आणि हा प्रश्न फक्त आमचा किंवा आजचाही नाही. १८४४ साली लंडनमध्ये वायएमसीए निघाली ती याच प्रश्नातून. जॉर्ज विल्यम्स हा खेड्यातून आलेला, कापडाच्या दुकानात नोकरी करणारा पोरगा. शहरात आलेली त्याच्यासारखी पोरं दिवसभर राबून संध्याकाळी कुठे जातात, हे तो रोज बघत होता. त्याने सोबतच्या पोरांना घेऊन प्रार्थना आणि बायबल-वाचनाची मंडळी काढली. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. बावीस! आमच्याकडे बावीस वर्षांच्या मुलाला आम्ही काय काम देतो? खुर्च्या लावणे, नाताळचा तारा टांगणे, प्रोजेक्टर चालवणे आणि स्नेहभोजनाला वाढणे. हिशेब कधी दाखवत नाही, कमिटीत बोलू देत नाही, उपदेशाच्या जागेवर वर्षातून एकदा, 'युवा रविवारी', तेही आधी कागद तपासून. आमच्या भाषेत सांगायचं तर पोरांना फक्त रीड-ओन्ली अॅक्सेस. बघा, पण हात लावू नका. आणि मग आम्हीच विचारतो की ही पोरं हे आपलं का समजत नाहीत!

कंपनीत बावीस वर्षांच्या त्याच मुलीच्या कोडवर बँकेचे व्यवहार चालतात हो. तिला चर्चच्या जमाखर्चाची एक वही सांभाळता येणार नाही?

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. आम्ही तरुण काही फार गुणाचे नाही. मी झाडाखाली उभा होतो तेव्हा मला तरी कुणी अडवलं होतं का घोळक्यात जाऊन "मी नगरचा" म्हणायला? उपासनेला वीस मिनिटं उशिरा यायचं, उपदेशात मोबाईल, आणि मग "इथे कनेक्ट वाटत नाही" म्हणून पुढच्या महिन्यात दुसरं चर्च. रेस्टॉरंटला स्टार द्यावेत तसे आम्ही चर्चला स्टार देतो. इंग्रजी फेलोशिपमध्ये गेलेल्या माझ्या दोन मित्रांना मी विचारलं. एक म्हणाला, तिथलं संगीत भारी आहे. तो आता तिथेही जात नाही. दुसरी म्हणाली, "तिथे बुधवारी सहा जणी एकीच्या घरी बसतो, आणि मला जे प्रश्न पडतात ते विचारता येतात." ती तिथे चार वर्षं आहे, आणि मला त्याचा आनंद आहे. ती आमच्या चर्चमधून गेली हे दुःख आहे, पण ती गेली ती लाईटसाठी नाही.

प्रश्नांवरून आठवलं. आमच्याकडे प्रश्न विचारला की दोन उत्तरं ठरलेली. "प्रार्थना कर" किंवा "असे प्रश्न विचारू नये." २०२१च्या दुसऱ्या लाटेत माझ्या एका मित्राचे वडील गेले. अख्ख्या मंडळीने प्रार्थना केली होती, तरी गेले. त्याने विचारलं, का? त्याला तीन जणांनी तीन वचनं फॉरवर्ड केली. एक निवृत्त मास्तर मात्र त्याच्या घरी जाऊन बसले आणि म्हणाले, "मला याचं उत्तर येत नाही रे. पण मी गुरुवारी परत येतो." ते खरंच परत आले, आणि बरेच गुरुवार येत राहिले. मित्राला उत्तर अजूनही मिळालेलं नाही. तो चर्चमध्ये मात्र आहे.

हे सगळं लिहिताना मला सारखी नगरच्याच एका घराची आठवण येतेय. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झालं. तिथे सतरा वर्षांच्या एका मुलाने कविता म्हटली आणि सगळे थक्क झाले. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी. रेव्हरंड टिळकांनी पुढे या पोराला नगरला स्वतःच्या घरी आणून ठेवलं. त्या घरात त्याचं लहरी वागणं, रुसणं, हट्ट सगळं कसं चालून गेलं, हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवलंय. शाळेत आपल्या सगळ्यांनाच त्यांच्या कविता होत्या, पण हा मुलगा एका पाळकाच्या घरी घरच्यासारखा राहिला होता हे किती जणांना माहीत असतं? आणि ठोंबरे शेवटपर्यंत ख्रिस्ती झाले नाहीत. टिळकांच्या घराचं दार त्या अटीवर उघडलेलंच नव्हतं. आपल्याकडे एक पोर आलंय, त्याच्यात काहीतरी आहे, त्याला जेवायला घालायचं आणि त्याचं ऐकायचं.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. तरुणांना टिकवायला कार्यक्रम लागत नाही, एक घर लागतं आणि त्या घरातल्या एका माणसाला त्यांचं नाव माहीत असावं लागतं. बाकी सगळं नंतर.

कमिटीत मी हे बोललो तेव्हा काका म्हणाले, "मग कर ना तू." हे मात्र त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. म्हणून या वर्षी आम्ही चार गोष्टी ठरवल्यात. फार मोठ्या नाहीत.

एक वही केलीय. साधी, दोनशे पानी. येणाऱ्या नवीन मुलाचं नाव, गाव, कॉलेज, फोन. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये ढकलायचं नाही, तिथे माणूस अजून लवकर हरवतो. प्रत्येक नावापुढे मंडळीतल्या एका घराचं नाव लिहायचं. ऑगस्ट ते ऑक्टोबर, दर रविवारी रात्री त्या घरी जेवण. जे घरात असेल ते. (दोन काकूंनी लगेच पुरणपोळीचं ठरवलं, त्यांना थांबवावं लागलं. पुरणपोळी केली की तो पाहुणा होतो.) शिबिर मे महिन्यातून दिवाळीच्या सुट्टीआधी आणलंय. आणि जमाखर्च तपासायला तरुण संघातल्या दोघांना घेतलंय, त्यातली एक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने पहिल्याच महिन्यात वीजबिलातली एक चूक काढली. खजिनदार आधी फुगले, मग तिला चहा पाजला.

एक नियम मी माझ्यापुरता केलाय. पहिल्या रविवारी हात मिळवणं सोपं असतं, ते सगळेच करतात. वहीत मी चौथ्या रविवारचा रकाना आखलाय. त्या दिवशी माणूस दिसला नाही, तर सोमवारी फोन. "का आला नाहीस" विचारायचं नाही. "बरा आहेस ना" विचारायचं.

याने काय होईल? माहीत नाही. कदाचित दहातले सहा तरीही जातील. जाऊ देत. काही जण दुसऱ्या चर्चमध्ये जातील, काही जण कुठेच जाणार नाहीत, तो त्यांचा आणि देवाचा प्रश्न. पण ते गेले हे कुणाला कळलंच नाही, असं निदान होऊ नये.

काल रात्री बहिणीला फोन केला. आमच्याच चर्चचा पत्ता दिला. तिने विचारलं, "तिथे कसं आहे दादा?" मी म्हटलं, "ठीकठाक आहे. उपदेश जरा लांबतो. तू ये." मग मावशींना फोन केला. त्यांचे गुडघे आता दुखतात, जिना चढवत नाही, आवाज मात्र तोच. म्हणाल्या, "कोणाची रे ती?" सांगितलं. म्हणाल्या, "रविवारी रात्री पाठव."

वहीत पहिलं नाव तिचं लिहिलंय. त्याच्या वर एक ओळ मी रिकामी सोडलीय. जालन्याच्या त्या मुलाचा नंबर अजून मिळाला नाही.